भूमिहीनांचे कैवारी : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

आपल्या विहाराच्या स्मरणिकेत बोधिसत्त्व बाबासाहेबांवर दरवर्षी लिहून येते. माता रमाईंवर येते. पण बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेल्या दादासाहेबांवर मात्र क्वचितच काही येते. नव्या पिढीतल्या मुलामुलींना हे नाव रस्त्याच्या पाटीवर नाहीतर सभागृहाच्या दारावर वाचून माहीत असते. म्हणून यंदा आम्ही त्यांचे चरित्र, विशेषतः जमिनीच्या लढ्याचा भाग, थोडा सविस्तर द्यायचे ठरविले.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. घर महाराचे, म्हणजे वतनदाराचे. वतनदार हा शब्द ऐकायला मोठा वाटतो, पण महार वतन म्हणजे काय होते ते आमच्या आजा-पणजांनाच ठाऊक. गावचा सरकारी वसूल तालुक्याला पोचवायचा, निरोप न्यायचे, शिवेची राखण करायची, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचे, मेलेले ढोर ओढायचे. रात्र नाही, दिवस नाही. त्याच्या बदल्यात बलुते आणि जमिनीचा एक तुकडा. तोही भावकीत वाटून वाटून इतका लहान झालेला की औत वळवायला जागा नाही. त्यावर पुन्हा जुडी नावाचा सरकारी आकार! एकाने काम नाकारले तर साऱ्या महारवाड्याच्या पोटावर पाय.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले ते ही बेडी तोडण्यासाठीच. १९३९ साली नगर जिल्ह्यात हरेगावला आणि १९४१ साली सिन्नरला वतनदारांच्या परिषदा झाल्या. नाशिक-नगर भागात हा प्रश्न किती पेटला होता, ते यावरून कळते. आणि या भागात बाबासाहेबांचा उजवा हात कोण, तर दादासाहेब.

दोघांची जोडी जमली ती काळाराम मंदिर सत्याग्रहापासून. २ मार्च १९३० ला सुरू झालेला हा लढा काही वर्षे चालला. दादासाहेब त्याच्या समितीचे चिटणीस होते. बाबासाहेब मुंबईत नाहीतर विलायतेत, आणि इकडे माणसे जमविणे, भाकरतुकड्याची सोय पाहणे, मार खाल्लेल्यांची विचारपूस करणे हे सगळे चिटणिसाच्या अंगावर. त्या काळापासून बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. घरच्या माणसाला लिहावे तशी ती आहेत. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे दादासाहेब मुंबई विधानसभेवर निवडून आले. पोशाख मात्र शेवटपर्यंत खेड्यातल्या माणसाचाच राहिला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १९५६ साली आपण बौद्ध झालो आणि गावोगाव महारकीची कामे सोडली. ढोर ओढणार नाही, येसकरी करणार नाही, असे लोकांनी ठणकावून सांगितले. मान ताठ झाली, पण पोटाचे काय? बलुते बंद झाले. शेतावर मजुरीला बोलवीनात. किराणा दुकानदार उधार देईना. काही ठिकाणी पाण्यावरही बहिष्कार आला. स्वतःची जमीन असती तर माणूस चार दिवस तग धरतो. जमीन नाही तर तगाई मिळत नाही, सोसायटीचे कर्ज नाही, बैल नाही, कोर्टात जामीन राहायला कुणी नाही. ज्याच्या बांधावर मजुरी करायची त्याच्याच विरुद्ध साक्ष कोण देणार? धम्म टिकवायचा तर पायाखाली स्वतःची जमीन हवी, हे दादासाहेबांनी नेमके ओळखले होते. बाबासाहेबांनीही १९४७ च्या आपल्या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून सामुदायिक शेती करावी, असे मांडले होतेच.

१९५७ मध्ये दादासाहेब नाशिकहून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. वतनाचा कायदा १९५८ साली झाला. त्याप्रमाणे सरकारी आकाराच्या तिप्पट रक्कम भरून वतनी जमीन परत आपल्या नावे करून घेता येत होती, पण नव्या शर्तीवर. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही अशी. ज्यांना कायदा समजला त्यांनी पैसे भरले. ज्यांना समजला नाही त्यांचे तुकडे सरकारजमा राहिले. आणि ज्यांना वतनाचा तुकडाही नव्हता, असे तर लाखो होते.

त्यांच्यासाठी १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने १९५३ सालीच असा सत्याग्रह केला होता. आता तो खानदेश, नाशिक, नगर, मराठवाडा असा पसरला. मागणी अगदी साधी होती. सरकारी पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याला द्या. लोक नांगर घेऊन पडिकात शिरत, पोलीस धरीत, तुरुंग भरत. त्यात फक्त बौद्धच होते असे नाही, इतर जातींचे भूमिहीनही आले. सरकारला वाटपाचे आश्वासन द्यावे लागले. पक्षातल्या काही शिकलेल्या मंडळींना मात्र हा मार्ग पसंत नव्हता. दादासाहेब कम्युनिस्टांच्या वळणाने चालले, असा आरोप झाला आणि पक्षात फूट पडली. आमच्या मते ही फूट फार महागात पडली. नोकरीतल्या माणसाला राखीव जागा दिसतात, खेड्यातल्या विधवेला एकरभर जमीन. दोन्ही खरेच, पण एकमेकांना उणे लेखण्यात वर्षे गेली.

दुसरा सत्याग्रह सर्वात मोठा. दादासाहेब तेव्हा राज्यसभेत होते. ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, देशभर सुरुवात झाली. मागण्या अशा : पडीक जमिनीचे वाटप, कसेल त्याला जमीन, किमान वेतन, स्वस्त धान्य, झोपडपट्ट्यांची सुधारणा, बौद्धांना सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र. तीन लाखांच्या वर लोक तुरुंगात गेले, असा आकडा चळवळीच्या इतिहासात नोंदला आहे. बाया पोरं कडेवर घेऊन गाडीत चढल्या. नाशिकच्या शांताबाई दाणींसारख्या कार्यकर्त्या यात पुढे होत्या. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या सरकारने बऱ्याच मागण्या तत्त्वतः मान्य केल्या आणि १९६५ च्या सुरुवातीस लढा थांबला. तत्त्वतः हा शब्द किती लांबतो ते पाहा. तैलचित्र लागले १९९० ला, आणि बौद्धांना केंद्राच्या सवलतीही त्याच साली!

१९६७ च्या सुमारास दादासाहेबांनी काँग्रेसशी समझोता केला. त्यावर टीका झाली, अजूनही होते. आम्हालाही तो समझोता पक्षाला मानवला असे वाटत नाही. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या लढ्याचा ओघ पुढेही चालू राहिला. मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरील जुनी अतिक्रमणे कायम करण्याचे निर्णय सरकारने १९७८ व १९९१ साली काढले. दुसऱ्यात १४ एप्रिल १९९० पर्यंतचा कब्जा धरला आहे. २००४ पासून दादासाहेबांच्या नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. तीत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत मिळते, आणि २०१८ पासून पूर्ण अनुदानावर. अडचण एवढीच की सरकारी दरात जमीन विकणारा सापडत नाही.

आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातही हा विषय निघाला. त्यामुळे ज्यांचा कब्जा आहे पण सातबारा नाही, त्यांच्या जिवाला घोर आहे. २०११ च्या निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जातींना सरकारी निर्णयाने दिलेल्या जमिनींसाठी अपवाद ठेवलेला आहे, पण तो कागदावर दाखवावा लागतो. आपल्या वस्तीतल्या पुष्कळ घरांचे गावाकडे असे तुकडे आहेत. अतिक्रमणाच्या दंडाची जुनी पावती, पीकपाहणीचा उतारा, एकसाली लावणीचा हुकूम, काहीही असले तरी फेकू नका. दंडाची पावती म्हणजे कब्जाचा पुरावा. म्हाताऱ्यांच्या पेट्या उघडून पाहा आणि जे सापडेल त्याची झेरॉक्स काढून ठेवा.