लोखंडाचे अंतरंग जाणणारे होंडा

कोतारो होंडा यांचा जन्म १८७० साली जपानमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी झाला. तोक्यो व जर्मनी येथे शिकून ते सेंदाईला प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धात परदेशी चुंबक मिळेनासे झाले. तेव्हा त्यांनी सहकाऱ्यांसह पोलादात कोबाल्ट, टंगस्टन व क्रोमियम मिसळले आणि ते तापवून तेलात झटकन थंड केले. अणूंची मांडणी बदलली. १९१७ साली चुंबकत्व घट्ट धरून ठेवणारे के. एस. पोलाद तयार झाले. १९३१ साली मिशिमांचे पोलाद वरचढ ठरले. होंडांनी साठी ओलांडली होती, तरी ते पुन्हा कामाला लागले व काही वर्षांतच त्याहून प्रबळ पोलाद त्यांनी दिले. १९५४ साली ते वारले. धातूचे गुण जसे घटकांत, तसेच त्यांच्या रचनेतही असतात, हे त्यांनी दाखवले.