डॉ. जेम्स हेरिक : विळ्यासारख्या पेशीचे पहिले नोंदकर्ते

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक विकाराचे पहिले वैद्यकीय वर्णन करणारे डॉ. जेम्स ब्रायन हेरिक यांचा जन्म ११ ऑगस्ट १८६१ रोजी अमेरिकेत, शिकागोजवळच्या ओक पार्क येथे झाला. वैद्यकाकडे वळण्यापूर्वी ते शाळेत शिक्षक होते. १८८८ मध्ये त्यांनी रश मेडिकल कॉलेजची पदवी घेतली. रुग्णाच्या खाटेपाशी जे दिसते त्याचा अर्थ प्रयोगशाळेत शोधावा, अशी त्यांची धारणा होती. त्यासाठी चाळिशी उलटल्यावरही त्यांनी पुन्हा विद्यार्थी होऊन रसायनशास्त्राचे धडे गिरवले.

डिसेंबर १९०४ मध्ये शिकागोच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात वॉल्टर क्लेमेंट नोएल हा वीस वर्षांचा तरुण दाखल झाला. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनेडा बेटावरून तो दंतवैद्यक शिकण्यासाठी आला होता. खोकला, ताप, अशक्तपणा आणि पायांवर जुन्या व्रणांच्या खुणा अशी त्याची अवस्था होती. हेरिक यांचे तरुण सहकारी डॉ. अर्नेस्ट आयर्न्स यांनी त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा गोल तांबड्या पेशींमध्ये लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी आढळल्या.

हेरिक यांनी निष्कर्षाची घाई केली नाही. तब्बल सहा वर्षांनी, नोव्हेंबर १९१० मध्ये, त्यांनी हा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि नेमके निदान करता येत नसल्याचे त्यात मोकळेपणाने मान्य केले. निबंधाने जगाचे लक्ष वेधले ते पेशीच्या आकाराकडे. परंतु त्याच निबंधात आणखी एक नोंद होती : रुग्णाच्या लघवीचे प्रमाण अधिक होते आणि तिची घनता कमी होती. मूत्रपिंड बिघडल्याची ही खूण होती, पण तिचा अर्थ उलगडण्यास पुढे अनेक दशके जावी लागली.

मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू कमी आणि क्षारांचे प्रमाण जास्त असते. अशा ठिकाणी सिकलसेलच्या पेशी सहज वाकतात, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्या बंद पाडतात. परिणामी पाणी राखून लघवी घट्ट करण्याची शक्ती बालपणापासूनच क्षीण होते. मुलाला वारंवार लघवी होते, अंथरूण ओले होते. शरीरातील पाणी घटले की पेशी अधिकच वाकतात. पुढे मूत्रपिंडाच्या गाळण्या जादा काम करून थकतात, लघवीतून प्रथिने झिरपू लागतात आणि काहींची मूत्रपिंडे निकामी होतात. या काळात रक्तातील क्रिएटिनिन मात्र बराच काळ सामान्य दिसून फसवते.

नोएल १९०७ मध्ये पदवी घेऊन मायदेशी परतला आणि त्याने दंतवैद्यकीचा व्यवसाय केला. १९१६ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. आजाराला ‘सिकलसेल अॅनिमिया’ हे नाव मिळाले ते १९२२ मध्ये. हेरिक यांची कीर्ती मात्र हृदयविकारामुळे वाढली. हृदयाची रक्तवाहिनी अचानक बंद पडली तरी रुग्ण वाचू शकतो, हे त्यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले. हिमोग्लोबिनच्या रेणूतच सिकलसेलचे मूळ असल्याचे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले, तेही हेरिक यांना हयातीत पाहता आले. १९५४ मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, ते निवर्तले.

विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आजही घरोघरी दुःख देतो. २०२३ मध्ये देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि रक्ततपासणीला वेग आला. मात्र निदान झाले म्हणजे काम संपले, असे नाही. दहाव्या वर्षापासून दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिन तपासले, तर मूत्रपिंडाची हानी वेळीच कळते आणि औषधांनी ती लांबवता येते. वेदनाशामक गोळ्या मनाने घेणेही अशा रुग्णांनी टाळावे. हेरिक यांनी पेशीइतक्याच काळजीने लघवीचीही नोंद केली होती. सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाला आज तेवढीच काळजी मिळायला हवी.