डॉ. आनंदीबाई जोशी : धैर्य आणि धीर

थोरांची चरित्रे आपण मुलांना सांगतो, ती त्यांच्या अंगी धैर्य यावे म्हणून. परंतु चरित्र अर्धेच सांगितले, तर तेच मुलाच्या पाठीवरचे ओझे होऊन बसते, ही गोष्ट सारा जन्म शाळेत घालवूनही आम्हांस उतारवयातच कळली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आम्ही वर्षानुवर्षे असेच अर्धे सांगत आलो. त्या कोणत्या ज्ञातीच्या, हा प्रश्न येथे गौण होय. आज आपल्या मंडळातील कित्येक कुटुंबांची मुलेमुली वैद्यकीय महाविद्यालयांत जाऊ लागली आहेत. त्यांच्या व त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून उरलेल्या अर्ध्यासह ते चरित्र येथे सादर करीत आहोत.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. बिजवर, आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी वडील. पत्नीस शिकविण्याचा त्यांचा निर्धार त्या काळाच्या मानाने विलक्षण होता. परंतु त्यांची शिकविण्याची रीत कठोर होती. अभ्यासात हयगय दिसली की त्यांचा हातही उठत असे. धाक आणि विद्या ही दोन्ही आनंदीबाईंच्या वाट्यास एकाच वेळी आली.

चौदाव्या वर्षी त्यांना पुत्र झाला. योग्य औषधोपचारावाचून ते अर्भक अवघ्या दहा दिवसांत गेले. या आघातातूनच वैद्यक शिकण्याची इच्छा त्यांच्या मनात रुजली. गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशी त्यांची भ्रमंती झाली. कलकत्त्यास असता त्यांना डोकेदुखी, ताप व अशक्तपणा वारंवार छळीत असे. म्हणजे परदेशगमनापूर्वीच शरीर थकलेले आणि मन जखमी होते, हे वाचकांनी ध्यानी धरावे.

गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तेथील मासिकात छापले गेले व ते थिओडिशिया कार्पेंटर या न्यूजर्सीतील बाईंच्या वाचनात आले. त्यातून पत्रव्यवहार सुरू झाला आणि परस्परांस न पाहताच दोघींत मावशी-भाचीचे नाते जुळले. त्या काळी समुद्रपर्यटन म्हणजे ज्ञातीबाहेर पडण्याचे भय. एकट्या स्त्रीने जाणे तर अघटितच. आक्षेपांना उत्तर देण्यासाठी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात भर सभेत इंग्रजीतून भाषण केले. आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी निक्षून सांगितले. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या व ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा वर्षे.

येथवरची कथा सर्वांस ठाऊक असते. पुढे आपण थेट पदवीदान समारंभावर येतो. मधल्या वर्षांत त्या कशा जगल्या, हे विचारीत नाही.

उन्हाळा त्यांनी कार्पेंटर मावशींच्या रोझेल येथील घरी काढला. ते घर त्यांना माहेरासारखे झाले. शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला, आणि तेथे खरी कसोटी लागली. हाडे गोठविणारी थंडी, परके अन्न, शाकाहाराचे व्रत, सर्वस्वी नवी विद्या. आणि संध्याकाळी खोलीत परतल्यावर मराठी शब्द बोलायला कोणी नाही. अशा वेळी घरच्या पत्राची वाट चातकासारखी पाहिली जाते. परंतु गोपाळरावांची पत्रे येत, त्यांत कित्येकदा धीराऐवजी टोचणी असे. पोशाखाविषयी, वर्तनाविषयी, बदलत चालल्याविषयी संशय असे. ज्याने हट्टाने सातासमुद्रापार पाठविले, त्यालाच आपला विश्वास वाटू नये, याहून मोठी व्यथा कोणती? काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रात हा पत्रव्यवहार वाचताना आमच्यासारख्या पाषाणालाही पाझर फुटला.

मग त्या टिकल्या कशा? एक तर त्यांनी मनातले लपविले नाही. पतीच्या आरोपांस त्या नम्रपणे परंतु स्पष्ट उत्तर देत. मावशींना मन मोकळे करून लिहीत; सुट्टीत त्यांच्याकडे जात. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनीही त्यांच्यावर मायेची पाखर घातली. साडी व आहार हे आपले आचार त्यांनी सांभाळले, पण थंडीस सोसेल असे नेसण्यात बदलही केले. एकाकी जिवाला तगून राहण्यास अशा लहान गोष्टीच आधार देतात.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. त्या समारंभास गोपाळराव व पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु क्षयाने देह पोखरला होता. नोव्हेंबरमध्ये त्या स्वदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, पुण्यात त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठविण्यात आली. मनस्तापाने क्षय होतो, असे आम्ही म्हणत नाही. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच शोधला होता. परंतु आजारी देहाला मनाचा भारही वाहावा लागला, हे कोण नाकारील?

आता आमच्या अपराधाविषयी. काही वर्षांपूर्वी आमच्या घरातील एक मुलगा वैद्यकीय शिक्षणासाठी दूर गेला. पहिल्याच सहामाहीत त्याचा दूरध्वनी येऊ लागला. झोप येत नाही, पुस्तक उघडले की छाती धडधडते, सर्व सोडून यावेसे वाटते, असे तो सांगे. आम्ही त्याला आनंदीबाईंचे उदाहरण दिले. एका अठरा वर्षांच्या मुलीने जे केले, ते तुला एवढ्या सोयी असता जमत नाही काय, असे विचारले. त्यानंतर त्याचे दूरध्वनी बंद झाले. तो सावरला, असे आम्हांस वाटले. तो सावरला नव्हता; त्याने सांगणे तेवढे सोडले होते.

सुदैवाने त्याच्या खोलीतील सोबत्याने घरी कळविले. मुलास भुशीला आणले, मनोविकारतज्ज्ञांचे उपचार झाले. हिवाळ्यात धरणावर गर्दी नसते. कोरड्या पायऱ्यांवर आम्ही दोघे संध्याकाळी बसत असू. हे धरण रेल्वेने आपल्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले. कल्याणहून पुण्यास जाणारा लोहमार्ग १८६३ पासून आमच्या बोरघाटानेच चढतो, आणि चढावर अनेक गाड्यांना कर्जतपासून मागे जादा इंजिने लावावी लागतात. त्यावरून गाडीला कोणी नालायक म्हणत नाही. एवढी साधी गोष्ट, जन्म या घाटात काढूनही, आम्ही मुलाला लागू केली नव्हती. आम्ही त्याची क्षमा मागितली. काही महिन्यांनी तो परत गेला, आणि आज अभ्यास नीट करीत आहे.

असा तो एकटाच नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाच्या २०२४ सालच्या अहवालात, पाहणीस उत्तर देणाऱ्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी शेकडा २७.८ जणांनी आपणांस मानसिक विकाराचे निदान झाल्याचे नमूद केले आहे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक मुलांच्या ट्रंकेत पुस्तकांबरोबर अवश्य घालावा.

धैर्य ज्याचे त्याचे असते. धीर मात्र दुसऱ्याने द्यावा लागतो. आनंदीबाईंपाशी धैर्य अपार होते. त्यांना धीर ज्यांनी दिला, त्या मावशी परक्या देशातील होत्या. ज्यांनी द्यावयाचा, त्यांच्या हातून तो पुरेसा दिला गेला नाही. आपल्या मुलांचा दूरध्वनी येईल तेव्हा गुण विचारण्यापूर्वी जेवलास का, झोपलास का, हे विचारू या. आणि उत्तर पुरते ऐकून घेऊ या. एवढे घडले तरी आनंदीबाईंचे चरित्र आपण पूर्ण वाचले, असे होईल.