कोसंबींचे विस्मरणात गेलेले गणित

घाट उतरून गोव्यात गेले की कोसंबी हे नाव ओळखीचे वाटते. त्या घराण्यातले दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला माहीत आहेत ते इतिहासकार म्हणून. पोटापाण्याला मात्र ते गणित शिकवत.

जन्म गोव्यात, ३१ जुलै १९०७ चा. वडील, बौद्ध साहित्याचे अभ्यासक धर्मानंद, हार्वर्डला कामासाठी गेले, तेव्हा मुलगाही अमेरिकेत शिकला. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन तो परतला. बनारसनंतर अलीगढ. तिथे आंद्रे वेय या फ्रेंच गणितज्ञाच्या सांगण्यावरून त्यांनी १९३१ मध्ये एका निबंधात बूर्बाकी नावाचा काल्पनिक गणिती घुसडला. चेष्टाच ती! पुढे वेय आणि मित्रांनी याच नावाने गणिताच्या अनेक शाखांवर जाडजूड ग्रंथ लिहिले.

खरे मोठे काम १९४३ चे, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात असतानाचे. ते समजायला आजचे उदाहरण घेऊ. हजार माणसांच्या ईसीजीच्या रेषा हजार तऱ्हेच्या असतात. शाळेत आपण बिंदूची जागा दोन अक्षांवर सांगतो. इथे अख्खी रेषा हाच एक बिंदू आणि अक्ष अनंत. पण अक्ष मनाला येतील तसे घ्यायचे नाहीत. ज्या दिशेने रेषांमध्ये सर्वांत जास्त फरक पडतो, तो पहिला अक्ष. त्याला लंब असलेल्या दिशांपैकी जिथे सर्वाधिक फरक, तो दुसरा. असे मोजके अक्ष ठेवून बाकीचे सोडले तरी मूळ रेषा बऱ्यापैकी परत उभी करता येते. रेषीय बीजगणिताची ही युक्ती आज ईसीजी तपासताना आणि चित्रे साठवताना वापरतात. पण पुस्तकांत नावे बहुधा कारहुनेन आणि लोएव्ह यांचीच. त्यांचे काम काही वर्षांनंतरचे. कोसंबींचा निबंध भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात छापला गेला होता. युद्धाच्या त्या दिवसांत तो बाहेर कितीसा पोहोचणार?

१९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरच्या जनुकांमधले अंतर काढण्याचे सूत्र दिले. ते मात्र त्यांच्याच नावाने चालते.

नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना त्यांनी रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाला हात घातला आणि १९५९ मध्ये त्याची सिद्धता कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात छापली. ती टिकली नाही. गणितात नव्व्याण्णव पायऱ्या बरोबर असून भागत नाही, आणि या एका निबंधाने त्यांच्या गणिती लौकिकाला, माझ्या मते गरजेपेक्षा जास्तच, धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेने करार वाढवला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात ते गेले. जनुकांचे नकाशे काढणाऱ्या संगणक प्रणालींत आजही कोसंबी हा एक पर्याय असतो.