निवड समितीबाहेरचे विजय मर्चंट

ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलच्या मैदानावर भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत कोसळला आणि भारताने इंग्लंडमध्ये पहिला कसोटी विजय मिळविला. चंद्रशेखर यांचा उजवा हात बालपणी पोलिओने अधू झाला होता. चेंडू टाकायचा तो याच हाताने; क्षेत्ररक्षण करताना मात्र तो फेकायचा डाव्या हाताने. त्याच वर्षीच्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली नव्हती. इंग्लंडसाठी त्यांना परत बोलावणाऱ्या निवड समितीचे अध्यक्ष होते विजय मर्चंट. ही निवड कोणी दयाबुद्धीने केली नव्हती. बळी मिळवून देणारा गोलंदाज हवा होता आणि तो त्या अधू हातात सापडला, एवढाच तो हिशेब होता.

मर्चंट यांच्या समितीने त्याआधी, जानेवारीत, पतौडींऐवजी अजित वाडेकर यांच्याकडे नेतृत्व सोपविले होते. अध्यक्षांच्या निर्णायक मताने झालेल्या त्या बदलावर पुढे पुष्कळ वाद झाला. पतौडींनी एका डोळ्याची दृष्टी अपघातात १९६१ मध्येच गमावली होती. तरी १९७१ चा वाद कप्तानीचा होता, डोळ्याचा नव्हता.

१२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत, ठाकरसी या श्रीमंत गिरणीमालक घराण्यात मर्चंट यांचा जन्म झाला. शाळेत वडिलांचा व्यवसाय सांगितला, तो आडनाव म्हणून नोंदला गेला आणि ठाकरसींचे मर्चंट झाले, अशी हकीकत आहे. राष्ट्रीय नेते तुरुंगात असताना १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यावर जाण्यास त्यांनी नकार दिला. पुढे १९३६ मध्ये मँचेस्टरला मुश्ताक अली यांच्यासह त्यांनी २०३ धावांची सलामी दिली. १९४६ च्या दौऱ्यात २,३८५ धावा काढल्या. प्रथम श्रेणीतील त्यांची सरासरी ७१.६४ असून ब्रॅडमननंतर तीच गणली जाते. मात्र आजारपणामुळे बरेच सामने हुकले आणि कसोट्या वाट्याला आल्या अवघ्या दहा. शेवटची नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीला. तीत १५४ धावा काढल्या आणि त्याच सामन्यात चेंडू अडविताना खांदा दुखावला. फलंदाज संपला तो तेथे, ऐन यशाच्या क्षणी.

पुढची वर्षे हिंदुस्थान मिलच्या कारभारात आणि क्रिकेटच्या प्रशासनात गेली. रेडिओवरून त्यांचा आवाज घरोघर पोचला. परंतु ज्या कामात त्यांनी उत्तरायुष्य घातले, ते काम धावफलकावर मांडता येत नाही. अंधांसाठी १९५२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेशी त्यांचा दीर्घकाळ संबंध होता. जोगेश्वरीचे अंधांचे औद्योगिक गृह याच संस्थेचे. नॅशनल सोसायटी फॉर इक्वल अपॉर्च्युनिटीज फॉर द हँडिकॅप्ड ही संस्था १९६८ मध्ये उभी राहिली, तिचे ते संस्थापक अध्यक्ष. चेंबूर येथे तिने व्यवसाय प्रशिक्षण आणि कृत्रिम अवयवांचे काम चालविले. तिच्या नावात साहाय्य नाही, आश्रय नाही, समान संधी आहे. त्या काळात हे नाव घेणे ही एक भूमिकाच होती. कारण अपंगांसाठी काही करणे म्हणजे सणावाराला मिठाई वाटणे, एवढीच तेव्हाच्या पुष्कळ सज्जनांची समजूत होती.

मर्चंट यांना नोकऱ्या हव्या होत्या. गिरणीमालकांत आणि कारखानदारांत त्यांना मान होता. तो शब्द त्यांनी याच कामी खर्ची घातला. ज्याचे पाय अधू आहेत, त्याला बसून करण्याच्या कामात काहीच उणे नसते. टेलिफोनचा बोर्ड सांभाळायला डोळ्यांपेक्षा कान आणि स्मरण लागते. कोणते काम कोणत्या अवयवाने होते हे आधी पाहावे आणि मग माणूस निवडावा, ही दृष्टी निवड समितीच्या अध्यक्षाला परकी वाटण्याचे कारण नव्हते.

अर्थात, नोकरी मिळाली तरी तेथवर पोचावे लागते. मुलुंड किंवा बोरिवलीहून फोर्टात कामाला जाणाऱ्या अपंग कारकुनाची खरी परीक्षा कचेरीत नव्हे, स्थानकावर होते. लोकलमध्ये राखीव डबा आहे. परंतु त्या डब्यासमोर उभे राहण्यासाठी पूल चढायचा, उतरायचा आणि गाडी थांबते त्या जेमतेम अर्ध्या मिनिटात फलाट व डबा यांमधली फट ओलांडायची. सरकते जिने आले, पण चाकाच्या खुर्चीला त्यांचा उपयोग नाही. तिला उद्वाहनच हवे, आणि तेही चालू स्थितीत. फलाटाची ही फट धडधाकटांनाही सोडत नाही. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात एका विद्यार्थिनीने तीत आपले दोन्ही हात गमावले. त्यानंतर उच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि फलाटांची उंची वाढविण्याच्या कामाला वेग आला. उंच फलाट अपंगाला जसा सोयीचा, तसाच म्हातारीला आणि कडेवर मूल असलेल्या बाईलाही. तरी त्याची निकड पटायला अपघात व्हावा लागला.

मर्चंट यांच्या हयातीत, १९७७ मध्ये, केंद्र सरकारने आपल्या खालच्या दोन श्रेणींतील पदांत अपंगांसाठी ३ टक्के जागा राखून ठेवल्या. १९८१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. भारत आणि पाकिस्तानात विश्वचषकाचे सामने रंगात आले असताना, २७ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत मर्चंट यांचे निधन झाले. सर्वंकष कायदा आला तो त्यानंतर आठ वर्षांनी, १९९५ मध्ये. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आणि सरकारी आरक्षण ४ टक्क्यांवर नेले. खासगी कारखान्यांना आणि कंपन्यांना मात्र अशी सक्ती या दोन्ही कायद्यांनी केलेली नाही. तेथे अजूनही कोणी तरी मालकाच्या दारात जाऊन शब्द टाकावा लागतो.