विश्लेषण : रस्त्याच्या पोटात पाहणाऱ्या रडारमागचे हाइनरिश हर्ट्झ कोण होते?

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगाव परिसरातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता वरून गुळगुळीत दिसला, तरी खाली पोकळी झालेली असू शकते. रस्ता न उकरता, पुलाचा स्लॅब न फोडता आतली स्थिती तपासण्यासाठी ‘ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार’ म्हणजेच जीपीआर वापरतात. त्याची अँटेना मेगाहर्ट्झच्या आकड्याने ओळखली जाते. हे नाव ज्यांच्यावरून पडले, ते हाइनरिश हर्ट्झ खरे तर बांधकाम अभियंता व्हायला निघाले होते.

बांधकामाकडून भौतिकशास्त्राकडे कसे?

२२ फेब्रुवारी १८५७ रोजी हॅम्बुर्गमध्ये एका वकिलाच्या घरी त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षणानंतर त्यांनी फ्रँकफर्टच्या बांधकाम कार्यालयात वर्षभर उमेदवारी केली. १८७७ मध्ये अभियांत्रिकी शिकण्यासाठी ते म्युनिकला गेले आणि तिथे त्यांचे मन पालटले. वडिलांची संमती घेऊन त्यांनी भौतिकशास्त्र निवडले. पुढे बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्याकडे शिकून १८८० मध्ये डॉक्टरेट मिळवली, तर १८८५ मध्ये ते कार्लसरूहला प्राध्यापक झाले.

त्या प्रयोगात काय होते?

विद्युतचुंबकीय लहरी असल्याचे मॅक्सवेल यांनी गणिताने सांगितले होते. त्या कुणी पकडल्या नव्हत्या. हर्ट्झ यांनी ठिणगीतून त्या निर्माण केल्या. १८८८ मधील त्यांच्या प्रयोगांत जस्ताच्या पत्र्यावरून लहरी परतल्या, बंद लाकडी दारातून पार गेल्या. डांबराच्या जातीतल्या कडक पिचचा सुमारे ६०० किलोचा प्रिझम त्यांनी ओतून घेतला. त्यातून जाताना लहरी वळल्या. लहरींची लांबी सुमारे ६६ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला जवळपास ४५ कोटी कंपने होती. आज रस्ता तपासणीत वापरली जाणारी ४०० मेगाहर्ट्झची अँटेना याच्या अगदी जवळची!

रक्तातील संसर्गाने १ जानेवारी १८९४ रोजी बॉनमध्ये हर्ट्झ यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना सदतिसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. लहरींनी जमिनीखालच्या वस्तू शोधण्याचे जर्मन पेटंट १९१० चे आहे. कंपनांच्या एककाला त्यांचे नाव १९३० मध्ये मिळाले.

पुलावर हे कसे चालते?

गाडा ओढत नेताना अँटेना लहरी सोडते. डांबर, खडी, माती, पोकळी असा थर बदलला की लहरीचा काही भाग परततो. परतायला लागलेल्या नॅनोसेकंदांवरून खोली काढतात. लोखंडी गजावरून लहर जवळपास पूर्ण परतते, त्यामुळे गज ठळक दिसतो. पण गज दाट असतील तर त्यांच्या खालचे झाकले जाते. तारांच्या जाळीची दिशा बदलली की लहर अडते किंवा सुटते, हेही हर्ट्झ यांनीच दाखवले होते. म्हणून स्लॅबवर गाडा उभा आणि आडवा, दोन्ही बाजूंनी फिरवतात.

काळ्या मातीत अडचण काय?

ओली चिकणमाती लहरी गिळते. कोरड्या वाळूत काही मीटर दिसणारे रडार अशा मातीत मीटरभरही पोहोचेल याची खात्री नसते. त्यामुळे पुसेगावसारख्या भागात अशी तपासणी पावसाळ्याआधी, माती वाळलेली असताना करणे शहाणपणाचे. संशयित जागी एखादे भोक पाडून नमुना काढावा लागतोच. नुसत्या रडारच्या चित्रावर पूल सुरक्षित ठरवता येत नाही.