नापास विद्यार्थी, 30 रुपयांचा कारकून आणि इंटिग्रेशनचा बादशहा : श्रीनिवास रामानुजन

सुरत : बारावी सायन्सला इंटिग्रेशन आलं की लिंबायत-उधन्यापासून नंदुरबारपर्यंत पोरं धास्तावतात. त्यांनी रामानुजन यांचं आयुष्य जरूर वाचावं.

जन्म 22 डिसेंबर 1887, इरोडचा. वाढले कुंभकोणमला. गणितात एवढे बुडाले की बाकीच्या विषयांनी दगा दिला, एफ.ए. परीक्षेत नापास झाले. पदवी नाही, नोकरी नाही. 1911 मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात पहिला लेख छापून आला. या सोसायटीचं ग्रंथालय आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात होतं. 1912 मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात महिना 30 रुपयांवर कारकुनी मिळाली.

वह्या मात्र अवघड डेफिनिट इंटिग्रल्सनी भरत होत्या. अशा गणितांत युक्ती कशी चालते, त्याचा एक सोपा नमुना बघा. लॉग क्ष भागिले (1 + क्ष²), शून्यापासून अनंतापर्यंत. क्षच्या जागी 1/क्ष घाला. तेच इंटिग्रल उणे चिन्ह घेऊन परत येतं. म्हणजे उत्तर शून्य! हिशेबाच्या भाषेत, 0 ते 1 मधला खर्च आणि 1 च्या पुढची जमा तंतोतंत जुळते.

16 जानेवारी 1913 रोजी त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र धाडलं. त्यात अशी कितीतरी सूत्रं होती. हार्डींनी ती पदवी न विचारता तपासली. 1914 मध्ये रामानुजन इंग्लंडला गेले, 1918 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. 26 एप्रिल 1920 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी गेले.

मार्कशीट बघून पोराला बोलण्याआधी पालकांनी एकदा त्याची वही उघडून बघावी.